एक मीटर बेचाळीस

११ एप्रिल १९८३
लातूर जिल्हा नवा झाला, गावाच्या सवयी जुन्याच. आडातलं पाणी आजवर कुणी मोजलेलं नाही. आता तहसीलने आकडा मागितलाय. पाणी मीटरच्या आत असेल तरच टँकर. सरपंच किशनराव माझ्याकडेच आले. गावात सायन्स शिकवणारा मी एकटा. दोरीला लहान दगड बांधून सोडला, दोरी किती भिजली ते तीनदा मोजलं. अठ्ठावीस सेंटिमीटर, एकेचाळीस, तेहेतीस. असले आकडे वर पाठवायचे? लाज वाटली.

१३ एप्रिल
दोष दगडाचा. हलका आहे, डुलतो. मेहुण्याच्या दुकानातून पाच किलोचं लोखंडी माप आणलं. एक मीटर बेचाळीस. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. याला म्हणतात मोजणं. दोरीला चिखल लागतो, तो पुसून घेतो. रिपोर्ट पाठवला.

१५ एप्रिल, सकाळी
शेजारच्या सरजाबाईची तक्रार, पोहऱ्यात चिखलाची राड येते. तिला पोहरा कसा सोडावा ते समजावून दिलं. उमादेवी तिच्याच बाजूने बोलली. बायकोच ऐकत नसेल तर गावाला काय बोलावं.

१८ एप्रिल
किशनराव आले. गुरुजी, चाळीस लिहा म्हणाले, टँकर तरी येईल. खोटा आकडा माझ्या हातून जाणार नाही, असं तोंडावर सांगितलं. अर्धा चहा ठेवून गेले. दिवसभर छाती फुगलेली. पुन्हा मोजलं, पुन्हा एक बेचाळीस. तेच कळवलं.

२० एप्रिल
टँकर शेजारच्या गावाला गेला. बायका माझ्याकडे बघत नाहीत. अज्ञान.

२३ एप्रिल
माप खाली अडकलं. ओढलं तर दोरी तुटली. स्वतः उतरायचं ठरवलं. आडाभोवती बरेच लोक जमले. पाणी छातीला लागेल, असं आधीच जाहीर केलं, घड्याळ उमादेवीकडे दिलं आणि उतरलो. पाणी छातीला लागलं. वर बघून हसलो. मग पाय हलेनात. कमरेपर्यंत गाळ होता.

बायकांनी पोहऱ्याचे दोर सोडून मला वर ओढलं. धोतर खालीच राहिलं. कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं. सरजाबाईने फक्त विचारलं, “गुरुजी, यातलं प्यायाचं किती हाय?”

२४ एप्रिल
दगडाने मोजलं. पंचवीस, छत्तीस, तीस. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, पण तिन्ही खऱ्याच्या आसपास. लोखंडी माप दर वेळी गाळातून तळाला जात होतं. दर वेळी तोच आकडा, दर वेळी तीच चूक. ती मी शाळेत शंभर पोरांसमोर कौतुकाने सांगितली. किशनराव सांगत होते तो खोटा आकडा माझ्या खऱ्यापेक्षा खरा होता. शरमेने जेवण गेलं नाही.

२६ एप्रिल
एस.टी.ने तहसीलला गेलो. चूक कबूल केली, नवे आकडे दिले. कारकुनाने फाईल काढली. जुने आकडे बघून खूश झाला. सगळ्या तालुक्यात असं पक्कं काम कुणाचं नाही म्हणाला. मी गाळाचं पुन्हा सांगितलं. त्याने नव्या आकड्यांवर बोट ठेवलं.

“गुरुजी, हे तिन्ही इकडंतिकडं हायती. चुकलं असंल. आपण आधीचंच धरू.”

संध्याकाळी घरी आलो. उमादेवीने विचारलं, टँकरचं काय झालं. सांगितलं. तिने रिकामी घागर माझ्या खांद्यावर ठेवली आणि शेजारच्या गावाची वाट दाखवली.