कळ नव्हे, लाट

१२ सप्टेंबर

पुण्याहून वन्संचं पार्सल आलं. आतलं सामान –
मोठा रबरी चेंडू, हवा नसलेला – १
पायाने हवा भरायचा पंप – १
सुगंधी तेल, बाटली बोटाएवढी – १
श्वासाचा कोर्स – पार्सलात नुसतं कार्ड, बाकी सगळं मोबाईलवर.
एकूण तीन हजार चारशे नव्व्याण्णव. कुरियर वेगळं. सुकन्यावन्संनी भरलं म्हणून लिहायला हात तरी धजावला. यातली अर्ध्याहून जास्त किंमत कोर्सची, म्हणजे श्वासाची! जो मी जन्मापासून फुकट घेत आले.

परत केलं तर पैसे मिळतील का, असं फोनवर विचारलं. म्हणाल्या, वहिनी, गप घ्या हो. शास्त्र आहे ते.

१४ सप्टेंबर

हे पार्सल का आलं ते लिहून ठेवते. ज्ञानेश्वरीच्या वेळी मी ओरडले होते. पहिलं बाळंतपण, रिवाजाप्रमाणे माहेरी. कळा याव्यात म्हणून सलाईनमधून औषध सोडलेलं, मला पाठीवर आडवी केलेली, कुशीवर वळायची सोय नाही. नर्स म्हणे, तोंड मीट आधी. नाही मिटलं!

पोरगी पाच वर्षांची झाली. पण आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, तोंडी ते बाळंतपण कालचंच आहे. हळदीकुंकू असो की कुणाचं डोहाळजेवण, त्यांचं हे ठरलेलं – "आमच्या सुनंचा आवाज? घोडेगावच्या बाजारातली म्हस दावं तोडून पळाली." बाया हसतात. मीही हसते आणि चहा ओतते. आता दुसरं बाळंतपण सासरी, म्हणून सोनईतल्या म्हशींनी जपून राहावं असं त्या सांगत फिरतात.

त्या ओरडण्याचा एकच फायदा झाला. दुसरं हे शेवटचं, असं यांनीही कबूल केलं आणि आत्याबाईंनीही. मोहटादेवीच्या फोटोपुढे दोघांकडून शब्द घेतलाय. गावातल्या आशा सेविका मालनताई, त्यांनी बाळंतपणानंतरच्या ऑपरेशनला माझं नावही घेऊन ठेवलंय. दोन लेकरं नीट वाढवायची, बस. आणि मला भीती वाटते. ते कुणाला सांगत नाही, इथे लिहिते.

या वेळी आवाज काढायचा नाही. कोणाच्या म्हशीला त्रास नको.

१९ सप्टेंबर

पहिला धडा ऐकला. शिकवणारी बाई बोलताना सारखी हसते. एखादं पोर झाल्यासारखी काही दिसत नाही. म्हणे, 'कळ' म्हणायचं नाही, 'लाट' म्हणायचं. लाट येते, लाट जाते. डोळे मिटा आणि समुद्रकिनारी जा.

आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी! लाट आणू कुठून? आणि नाव बदललं की दुखणं जातं, तर तूरडाळीच्या भावालाही लाट म्हणून बघते.

चार मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर. एवढं मात्र केलं. करताना झोप लागली. पैसे देऊन झोप!

चेंडूवर ज्ञानेश्वरीने ताबा मिळवलाय.

२६ सप्टेंबर

आजचा धडा – हातात बर्फ धरायचा, दुखलं तरी सोडायचा नाही, श्वास मोजत राहायचं. नवऱ्यालाही बरोबर घ्या म्हणे. हे कारखान्यातून आले होते, नागापूरला दिवसभर तापलेल्या लोखंडाशी काम. म्हटलं, बर्फ म्हणजे यांना बक्षीसच.

दोघांनी मुठी मिटल्या. मी मोजत होते. मी दोन म्हणायच्या आत यांनी बर्फ भिंतीवर फेकला आणि असे ओरडले की दारातलं कुत्रं पळालं. "चटका बसला गं." बर्फाचा! मी शेवटपर्यंत धरला. हातात पाणी झालं तरी धरला.

हे म्हणाले, तू माणूस हायेस का काय? 

म्हशीची गोष्ट आहे, तशी कुत्र्याची गोष्ट मात्र कुणी हळदीकुंकवात सांगणार नाही.

१७ ऑक्टोबर

घट बसलेत. अखंड दिवा आहे. धड्यात मेणबत्ती सांगितली होती – फुंकर अशी सोडा की ज्योत वाकेल, पण विझणार नाही. दिवा समोर असताना मेणबत्तीला वेगळे पैसे कोण घालील? देवीला नमस्कार केला, सांगितलं की आई, तुझ्याच कामासाठी. मांडी घालून बसले. श्वास सोडला. ज्योत हळू आडवी झाली आणि माझा श्वास संपला तशी उभी राहिली. परत सोडला. परत उभी. समुद्राचं काही खरं नाही, पण हे जमलं. किती वेळ बसले कळलंच नाही.

मागून आत्याबाई – "पोटुशी बाई नवरात्राचा दिवा फुकतीया! कडूबाई, बघा वो!" शेजारच्या कडूबाई भिंतीपलीकडून लगेच आल्या, त्यांना बोलवावं लागत नाही. मी सांगितलं, फुंकत नाही, वाकवते. आत्याबाई म्हणाल्या, देवाला काय वाकवायचं? आपण वाकायचं.

संध्याकाळी दिव्यावर काच आली. काचेचे सत्तर रुपये माझ्या हिशेबात टाकायला सांगितले.

२ नोव्हेंबर

पोट खाली उतरलंय. आत्याबाईंनी कडूबाईंना सांगून ठेवलंय, आवाज आला की या.

५ नोव्हेंबर

दवाखान्यातून लिहिते. काल मुलगा झाला.

सकाळी नळ आला होता, त्यामुळे घरात गडबड. माझ्या कमरेत सुरू झालं. आत्याबाईंना म्हटलं, सुरू झालंय. त्यांनी हंड्यावरून मान वर केली. "बोलती की नीट. अजून येळ हाय. भाकरी टाकून घे." मी भाकऱ्या टाकल्या. एक थापायची, मग परातीच्या काठाला धरून थांबायचं, चार आत, सहा बाहेर. तव्यावरची उलटायला विसरले नाही. एकही करपली नाही, हेही लिहून ठेवते.

हे डबा घ्यायला आत आले. माझ्याकडे पाहिलं. मी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. यांनी डबा ठेवला आणि शेजाऱ्याचा टेम्पो सांगितला. बर्फाच्या दिवशी माझा चेहरा पाहिला होता ना, त्यामुळे ओळखलं असावं.

टेम्पोत यांचं मनगट धरून बसले. खड्डे मोजायचं सोडून दिलं. मनातल्या मनात नवरात्राचा दिवा समोर धरला, बिनकाचेचा. वाक बाई, विझू नको.

दवाखान्यात नर्सने वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चालत आली? मग संध्याकाळ होईल. ओरडायला लागली की आणा." बाकावर बसवलं. हे केसपेपरच्या रांगेत. आत्याबाई शेजारी, बाकीच्या बायकांना म्हशीची गोष्ट सांगत होत्या. माझ्यासमोर! मी दिव्याकडे बघत राहिले. आता ज्योत पार जमिनीला टेकत होती.

मग मी नर्सला हाक मारून अगदी हळू म्हटलं, "ताई, डोकं आलंय."
"तुम्हाला काय कळतंय?" म्हणाली. मग साडी बाजूला करून बघितलं.
पुढचं ओरडण्याचं काम तिने केलं. सगळा दवाखाना जमा झाला.

ना सुई, ना सलाईन. कुशीवर झोपून झालं, पाठीवर टाकायला त्यांना वेळच मिळाला नाही. दुखलं का? दुखलं. लाट कसली, कळच होती, चांगली पाठ मोडणारी. पण प्रत्येक कळ संपते, हे पहिल्या वेळी मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाळ छातीवर ठेवलं तेव्हा मला हसू आलं. ज्ञानेश्वरीच्या वेळी मी दोन दिवस तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

देवीची कृपा. त्या हसऱ्या बाईचीही थोडी. वन्संना सांगणार नाही, त्या लगेच दुसरा कोर्स घेतील.

सुगंधी तेलाची बाटली घरीच राहिली. न उघडलेली आहे, परत घेतील का विचारायला हवं.

६ नोव्हेंबर

ऑपरेशन झालं नाही. सकाळी नर्स विचारायला आली तर आत्याबाई माझ्याआधी बोलल्या, एवढ्यात नको, पुढं बघू. नर्स निघूनही गेली.

मी म्हटलं, आत्याबाई, शब्द दिला होता. त्या बाळाला थोपटत होत्या. "शब्द तवा दिला व्हता, तू मरायला टेकली व्हतीस तवाचा. आता तुला काय हुतंय? भाकरी थापता थापता झालं. अन् एक डोळा काय डोळा व्हय? जोडी लागती."

मुलगी असती तर मुलग्यासाठी तिसरं मागितलं असतं, हे मी धरून चालले होते. मुलगा झाला तर त्याला जोडी! म्हणजे माझ्या हिशेबात ही बाजू कुठूनच जुळणार नव्हती. ओरडले म्हणून पाच वर्षं बोलणी खाल्ली. आता ओरडले नाही म्हणून तिसरं.

यांच्याकडे पाहिलं. हे चपलेकडे बघत होते. "आईचं म्हणणं… घाई काय हाय?"

चार मोजून आत. सहा मोजून बाहेर. कोर्सचे पैसे आज वसूल झाले – यांच्या डोक्यात डबा घातला नाही.

७ नोव्हेंबर

घरी. यांच्याशी बोलत नाही.

८ नोव्हेंबर

पाचवी झाली. पाटावरवंटा पुजला, बाया जमल्या. मी कोपऱ्यात बाळाला घेऊन. आत्याबाईंची आता नवी गोष्ट तयार आहे. म्हैस गेली, कोंबडी आली – "कोंबडी बी अंडं घातलं की वरडती. आमच्या सुनंनं त्येवढं बी केलं न्हाई. तिला कायच हुईना!" बाया हसल्या. या वेळी मी हसले नाही.

हे नारळ द्यायला आत आले होते. नारळ खाली ठेवले. शर्टाची बाही वर सारली आणि मनगट आईपुढे धरलं. चार नखं आणि एक अंगठा, चंद्रकोरीसारखे, काळेनिळे. एक तर पिकत आलेलं. मीही तेव्हाच पाहिलं. चार दिवस घरातही लांब बाहीचा शर्ट घालत होते.

"आई, हे टेम्पोतलं. घरापासून दवाखान्याच्या दारापर्यंत. मला वरडावंसं वाटलं."

कडूबाईंनी चष्मा पुसून वाकून पाहिलं. म्हणाल्या, "अगं बया, हाडाला लागलंय की."

आत्याबाईंनी मनगट उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाल्या, हळद लाव त्याला. कोंबडीची गोष्ट पुढे गेली नाही.

दारात मालनताई उभ्या होत्या. जाताना हे त्यांच्या मागे गेले, हळू काहीतरी विचारत होते. काय ते मला सांगत नाहीत. रात्री हळद मीच लावली. फुंकर घातली तर ओरडले.

१९ नोव्हेंबर

आज वन्संना आंतरदेशीय पत्र टाकलं. नक्कल –

सौ. सुकन्यावन्संस नमस्कार. बाळ व मी ठीक. पत्र एवढ्यासाठी की महिनाअखेरीला पुरुषांच्या नसबंदीचं शिबिर आहे. तुमच्या दादांनी आपण होऊन नाव दिलंय. माझं खोडायला लावलं. आत्याबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्या फोन स्पीकरवर लावायला लावतात, म्हणून फोन करू नका. मालनताई म्हणतात टाका नाही, काही नाही, त्याच दिवशी घरी. पण दादांना बर्फ आठवतो. रोज संध्याकाळी चेंडूवर बसून श्वास मोजतात, तीनच्या पुढे जात नाहीत. तरी त्या बाईंकडे पुरुषांसाठी धडा आहे का, आणि भरलेल्या पैशात दोघांचं चालतं का, हे शिबिराच्या आत उलट टपाली कळवावं.