हात न लावलेला तंबाखू

मी, व्हर्ना स्टँडिंगवॉटर, वय ७९, जातिवंत क्री आदिवासी बाई, निवृत्त कुलगुरू, राहणार रेड विलो क्रीक राखीव वस्ती, सस्कॅचेवान, कॅनडा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. ते जरा जास्तच ठिकाणावर असल्याची तक्रार विद्यापीठाने माझ्या कारकिर्दीभर केली.

१. शहरातले घर माझी मुलगी थेल्मा हिला. कायदा तिला भाची म्हणेल. आमच्यात बहिणीची मुलगी ती आपलीच मुलगी. ती विद्यापीठात क्री भाषा शिकवते. वर्ग बंद केलाच, तर तिने तो या घराच्या दिवाणखान्यात भरवावा. शेजारी कुरकुरले तर कुरकुरू द्यावे.

२. माझा कुलगुरूपदाचा झगा विद्यापीठाला काचेच्या कपाटात हवा आहे. मिळणार नाही. तो मी प्रथम घातला तेव्हा विद्यापीठ मंडळाचे एक सभासद शेजारच्याला म्हणाले होते, "आता पदवीदानाला ढोल बडवतील बघा!" बडवले. मीच बोलावले होते. आमच्यात मेलेल्याच्या वस्तू वाटून टाकतात, साठवत नाहीत. झग्याची गोधडी शिवून गरजवंताला द्यावी.

३. कातडे कमावण्याची हत्यारे धाकटा भाऊ आल्फ्रेड याला. तो म्हणेल, "ताई, धार गेलीय की." मग लाव ना, आळशा.

४. नावाविषयी. सध्याचे कुलगुरू ग्रँट लिंडस्ट्रॉम गेल्या शरदात लाल फडक्यात तंबाखू बांधून घरी आले.

"मॅडम, नव्या इमारतीला तुमचं नाव द्यायचंय."

"आणि थेल्माचा वर्ग?"

"मुलं फारच कमी येतात हो. पुढच्या वर्षी नाही जमायचं."

मी तंबाखूला हात लावला नाही. ते पुडी टेबलावर ठेवून गेले आणि बाईंनी होकार दिला म्हणून जाहीर करून मोकळे झाले. आमच्यात तंबाखू हातात घेतला तरच शब्द दिला असे होते. नुसता ठेवून जाणारा पुडी विसरून गेला, एवढेच. ती थेल्माने विद्यापीठाच्या भर बैठकीत, सगळ्यांदेखत, त्यांच्या हातात परत द्यावी.

मला राग आहे आणि तो मी सोबत घेऊन जाणार आहे. ज्या भाषेपायी मिशनच्या शाळेत माझ्या तोंडात साबण कोंबला, तिचा वर्ग मी विद्यापीठात उघडला. तो मोडून दारावर माझे नाव लावणे म्हणजे मला पुन्हा गप्प बसवणे. वर्ग कायमचा करणार असाल, तर पुन्हा तंबाखू घेऊन थेल्माकडे जा. घ्यायचा की नाही, ती ठरवील.

५. माझी शोकसभा विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात घ्यावी. भाषणे फक्त क्रीमध्ये. भाषांतर नाही, छापील कागद नाही. बाईंविषयी काय बोलले गेले हे लिंडस्ट्रॉमसाहेबांना किंवा आणखी कोणाला जाणून घ्यायचे असेल, तर त्यांनी सोमवारी थेल्माच्या वर्गात नाव घालावे. मुले कमी आहेत म्हणे; जागा भरपूर आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला आणि एकही शब्द मवाळ न करता खाली सही केली.

व्हर्ना स्टँडिंगवॉटर

साक्षीदार :
ओडेला बेअरस्किन, शेजारीण
क्लिफर्ड मस्केग, शाळेच्या बसचे चालक

रेड विलो क्रीक, ९ मार्च २०१८