उंबऱ्यावरचं वाक्य

२९ ऑगस्ट, सोमवार

झालं सुरू एकदाचं! या सत्रापासून आमच्या टेक्सासात परवानावाल्या पोरांना कमरेला बंदूक लावून वर्गात बसता येतं. फक्त ती दिसता कामा नये. शर्टाखाली आहे म्हणजे नाहीच, असं आम्ही मास्तरांनी धरून चालायचं. ‘तुझ्याकडे आहे का रे?’ असं विचारायचंही नाही. विचारलं तर तक्रार माझ्यावर.

वर कॉलेजने केवढा उपकार केलाय! स्वतःच्या खोलीत बंदूक नको असेल तर मनाई करता येते – पण दारावर पाटी लावून नाही. पाटीने म्हणे वातावरण बिघडतं. येणाऱ्या प्रत्येकाला उंबऱ्यावर थांबवायचं आणि तोंडाने सांगायचं. सांगायचं राहिलं, तर त्या माणसाला मनाई नाही. कुठल्या शहाण्याच्या डोक्यातून निघालं हे, त्याला एकदा भेटायचंय.

जोलीन म्हणाली, पाठ करून टाक, प्रार्थनेसारखं. ती शेजारच्या खोलीत, इतिहास शिकवते. हा कायदा नको म्हणून उन्हाळाभर फाटकापाशी फलक धरून आम्ही दोघीच उभ्या होतो. बाकीचे आतल्या गार हवेतून आम्हाला हात करायचे.

८ सप्टेंबर, गुरुवार

“या खोलीत बंदूक आणायला परवानगी नाही.” म्हणून म्हणून तोंडाची चव गेली. निबंध दाखवायला आलेल्या एवढ्याशा पोरीलाही म्हटलं. ती हसायलाच लागली – मॅडम, पिशवीत खायचे टॅको आहेत. पण एक मुलगा थबकला. गाडीत ठेवून येतो म्हणाला. गेला तो परत आलाच नाही. त्याचा निबंध माझ्या टेबलावर पडून आहे.

मी काही बंदूक बघून किंचाळणारी बाई नाही. बाबांची हरणाची रायफल आजही माझ्या कपाटात आहे. पण हरणांना मी नापास करत नाही!

दहा वाजता जोलीन दोन कॉफी घेऊन येते, पायानेच दार ढकलते. तेवढा वेळ मी माणसात असते.

२१ सप्टेंबर, बुधवार

डीनसाहेबांची बैठक. नाजूक विषय टाळा. मुलगा चिडला तर ताणू नका. मार्कांवरून वाद घालू नका. थोडक्यात, शिकवू नका. मी उठून दोन शब्द सुनावले, तर सगळे आपापल्या डोनटकडे बघत बसले. जोलीनसुद्धा! मांडीवरच्या पर्सवर दोन्ही हात ठेवून गप्प. नंतर म्हणाली, डोकं दुखत होतं गं.

४ ऑक्टोबर, मंगळवार

राफ टिडवेल. फौजेतून परत आलेला, वर्गात सगळ्यांपेक्षा थोराड. डिसेंबरात पदवी. कायम दाराजवळ, भिंतीला चिकटून बसतो. एवढ्या उकाड्यात जाकीट. एक हात खिशात, तो कधी बाहेर काढत नाही. काही विचारलं तर आधी टक लावून बघतो, मग बोलतो.

आज त्याचा निबंध तपासला. निव्वळ कचरा. लाल पेन उचललं आणि डोळ्यांसमोर तो खिशातला हात आला. नापासाऐवजी ‘ब’ श्रेणी लिहून मोकळी झाले. इतकी वर्षं शिकवतेय, असलं कधी केलं नव्हतं. लाज वाटते स्वतःची.

१९ ऑक्टोबर, बुधवार

घराची कडी दोनदा तपासली, मग लिहायला बसले.

दुपारी आमच्या मजल्यावरच्या संडासात गेले. एकच आहे, बायका-पुरुष सगळ्यांना मिळून. कागदाच्या रिळाच्या डब्यावर पिस्तूल! लहानसं, काळं. कुणी चष्मा विसरावा तसं. बसताना कमरेचं नाहीतर पर्समधलं काढून ठेवलं आणि तसंच उठून गेलं कुणीतरी. आम्हा टेक्सासवाल्यांशिवाय जगात कोण असलं काही विसरत असेल?

बाहेर आले, तर माझ्या खोलीसमोरच्या बाकावर राफ टिडवेल. हात खिशात. माझ्याकडेच बघत होता.

कॉलेजच्या पोलिसाने विचारलं, कुणावर संशय? मी त्याचं नाव सांगितलं. क्षणभरही थांबले नाही.

जोलीन मला गाडीपर्यंत सोडायला आली. तिचे हात माझ्यापेक्षा गार पडले होते. म्हणाली, तू बरोबर केलंस.

३ नोव्हेंबर, गुरुवार

पिस्तुलाच्या नंबरावरून काही निघालं नाही. बंदुकांच्या बाजारात हातोहात विकलेलं, मधे कागदच नाही. राफ म्हणतो, माझं नाही. अर्थात, तो दुसरं काय म्हणणार! चौकशी संपेपर्यंत त्याने कॉलेजात पाऊल टाकायचं नाही.

आता कुठे मला नीट शिकवता येतंय. मग बरं का वाटत नाही?

जोलीन कॉफी आणते, पण बसत नाही हल्ली. तो विषय काढला की म्हणते, विसर आता.

२४ नोव्हेंबर

सणाची सुट्टी. एकटीसाठी एवढी टर्की कशाला भाजली, देव जाणे. जोलीनला बोलावलं होतं. बरं नाही म्हणाली.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

राफ आला होता. ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला तेवढी परवानगी मिळाली होती, पहारेकरी जिन्यापाशी उभा. उंबऱ्याबाहेरच थांबला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “ते वाक्य राहू दे, मॅडम. माझ्याकडे नाही. परवानाच काढला नाही मी. तिकडे धरली तेवढी पुरे झाली.”

मग त्या दिवशी बाकावर का बसला होतास? मी विचारलं.

“ब का दिलात ते विचारायला. निबंध भिकार होता, मला कळतं की. पोरांना शिकवायचंय मला, खोटे मार्क घेऊन काय करू?”

डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही. म्हणून तो कान भिंतीकडे करून बसतो. म्हणून माझ्या ओठांकडे टक लावून बघतो. आणि हात कापतो म्हणून खिशात. त्याने तो बाहेर काढून दाखवला. खरंच कापत होता. मी बघू शकले नाही.

गावच्या शाळेत जानेवारीपासून जागा ठरली होती त्याची. सोमवारपासून परीक्षा. बसू दिलं नाही तर पदवी नाही, पदवी नाही तर शाळाही नाही. हे सगळं त्याने शांतपणे सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जाता जाता हसून म्हणाला, “तासाआधी कधीकधी त्या बाकावर बसायचो, तिथून तुमचं वाक्य दिसायचं मला, ओठांवरून पाठ झालंय. सगळ्यांना म्हणता. त्या कॉफीवाल्या मॅडमना तेवढं म्हणत नाही.”

जोलीनला म्हणू? काहीतरीच!

३० नोव्हेंबर, बुधवार

डीनसाहेबांकडे गेले. म्हटलं, मी काही पाहिलं नव्हतं, भीतीपोटी नाव घेतलं, त्या मुलाला परीक्षेला बसू द्या. त्यांनी टाय सारखा केला. म्हणाले, तुम्ही त्याचं नाव मागे घेताय, ठीक आहे, पण पिस्तूल कुणाचं तरी असणारच ना? खरा माणूस आणा. त्याच दिवशी टिडवेलला मोकळा करतो. तोवर माझा नाइलाज आहे.

मी ज्यांच्याविरुद्ध उन्हात उभी राहिले, त्यांच्यातल्या कुणीही या पोराचं एवढं वाटोळं केलं नाही. ते मी केलं, बंदुकीला हात न लावता.

उद्यापासून वाक्य सगळ्यांना म्हणायचं. टपालवाल्यालाही. माणूस बघून नियम पाळला, त्याचंच हे फळ आहे.

१ डिसेंबर, गुरुवार

दहाला जोलीन आली. दोन कॉफी, पायाने दार. मी उठून तिला उंबऱ्यावर अडवलं आणि अर्धं चेष्टेत, अर्धं नियम म्हणून ते वाक्य म्हटलं.

ती हसली नाही. तिने दोन्ही कप उंबऱ्याबाहेरच खाली ठेवले. मग हळूच म्हणाली, “आता नाहीये गं माझ्याकडे. पोलिसांकडे आहे.”

डीनसाहेब दुपारी दोनला भेटतात.