पहिल्या बॉक्सवर कोण उभं राहणार

१४ सप्टें., शनि.
नाशिकला हॉटेलात सेमिनार. विषय : मालक नसतानाही चालणारा धंदा. बोलणारा पोरगेला, पायात टोकदार बूट, जन्मात एक पुठ्ठा चिकटवला नसेल. म्हणे, तुम्ही नसलात तर तुमचा धंदा किती दिवस चालेल ते कागदावर लिहा. मी लिहिलं, 'चहा उकळेपर्यंत'. वाचून हसला. मी विनोद केला नव्हता. जेवण बरं होतं, गुलाबजाम थंड.

येताना प्लँटवर गेले. सुपरवायझर भालेराव गेटपाशीच उभा. (इथून पुढे भा. एवढं मोठं नाव रोज कोण लिहिणार.) एकलहऱ्याहून मोटरसायकलवर येतो, तरी शर्टाची इस्त्री मोडत नाही. वर सेंट. पुठ्ठ्याची खोकी करायला सेंट! म्हणाला, "वहिनी, कागदाचे रील दिवाळीआधीच मिलला सांगून ठेवू. जानेवारीत द्राक्षवाले सगळे एकदम अंगावर येतात." म्हटलं, छाटण्या होऊ देत, परतीचा पाऊस जाऊ दे, मग बघू. बागाच झोडपल्या तर ते रील काय अंथरून झोपू? म्हणाला, "मग मिलवाले आपल्याकडे बघणार नाहीत." याला कामाला ठेवलंय की सल्ल्याला?

३ ऑक्टो., गुरु.
गुडघा. डॉ. म्हणाला, वजन कमी करा आणि त्या खोक्यांवर चढणं बंद करा. याला कोणी सांगितलं? भा.नेच, दुसरं कोण.

आमच्याकडे प्रत्येक ऑर्डरचा पहिला बॉक्स तयार झाला की जमिनीवर ठेवतात. मी वर उभी राहते. दबला नाही तर मशीन पुढे चालू, दबला तर बंद. हे होते तेव्हा हे उभे राहायचे. हे गेले, मी उभी राहिले. बारा गावच्या द्राक्षवाल्यांना ठाऊक आहे. डॉ.ला काय कळतंय.

२८ डिसें., शनि.
पाऊस गेला, बागा वाचल्या, ऑर्डरींचा पूर. मिल म्हणते, महिनाभर थांबा. तहान लागल्यावर विहीर खणायची ही म्हण भा. नुसत्या भुवयांनी म्हणू शकतो हे आज कळलं. शेवटी एका व्यापाऱ्याचे रील उचलले. भा.ने हात लावून बघितले, म्हणाला, ओल आहे. म्हटलं, उन्हात ठेवा. नाक मुरडायला पगार देत नाही मी.

९ जाने., गुरु.
हॉस्पिटल. काल पहिल्या बॉक्सवर चढले. बॉक्स टिकला, गुडघा टिकला नाही. वाटी फुटली. सोमवारी ऑपरेशन. पडल्या पडल्या भा. धावला आणि आधी बॉक्स बाजूला केला, मग मला उचललं. नंतर म्हणाला, "उचलायला जागा नको का?"

प्लँट कोण बघणार? मुलगा त्याच्या नोकरीत अडकलेला. दीर प्रकाश हजर. "वहिनी, मी आहे ना." हेच तर संकट आहे. ह्यांचा सख्खा भाऊ म्हणून नाही म्हणता येत नाही. ह्यांच्या खुर्चीत बसला, एसीचं बटण कुठंय विचारलं, आणि धंदा सांभाळणं संपलं. त्याला बजावलं, भा.लाही बजावलं : मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

११ जाने., शनि.
उंटावरून शेळ्या हाकतेय. टेम्पोवाला गोटीराम सकाळ-संध्याकाळ पहिला बॉक्स वॉर्डात घेऊन येतो. मी पडल्या पडल्या दाबून बघते, कोपरा ठोकते, मग फोन करते, चालू करा. नर्सबाईंनी दोन बॉक्स पळवले, सलाइनच्या बाटल्या ठेवायला. गोटीराम म्हणतो, "वहिनी, डिझेल लय जातंय. आन मशीन निस्तं उभं ऱ्हातं." मशीन उभं राहिलेलं चालेल, मनमानी चालणार नाही.

भा.चा फोन : मी उभा राहतो बॉक्सवर, रोज एवढ्या फेऱ्या कशाला? म्हटलं, तुमचं वजन कोंबडीचं, तुमच्याखाली पापडसुद्धा टिकेल. प्र.ला उभं करा. प्र.चं वजन भरपूर. देवाने दिलेली तेवढीच गुणवत्ता, कुठेतरी कामी येऊ दे.

१४ जाने., मंगळ.
काल ऑपरेशन झालं. पाय माझा वाटत नाही. गोटीराम तिळगूळ घेऊन आला, तोंड उतरलेलं. खोदून विचारलं तेव्हा सांगितलं.

काल दिंडोरीच्या अण्णांची ऑर्डर होती. माल तोडून शेडमध्ये पडलेला. त्या ओल्या रीलचा पहिला बॉक्स. प्र. चढला, बॉक्स भुईसपाट, प्र. त्याच्या शेजारी. उठून कपडे झटकले आणि म्हणाला, माझं वजन जास्त आहे म्हणून दबला, चालू करा मशीन. भा.ने मेन स्विच पाडला आणि समोर उभा राहिला. मला तीनदा फोन केला. माझा फोन नर्सबाईंच्या ड्रॉवरमध्ये. मग त्याने काय करावं? आमच्या नावाचा छपाईचा ठसा काढला, काखोटीला मारला आणि हायवेपलीकडच्या दुसऱ्या खोकीवाल्याकडे, त्या सफारीवाल्याकडे गेला. त्याच्याकडून सगळी ऑर्डर करून घेतली. संध्याकाळपर्यंत तिथेच थांबला. आमच्याच टेम्पोने दिंडोरीला बॉक्स पोचवले.

ह्यांच्या हयातीत ज्याच्या लग्नालासुद्धा गेलो नाही, त्याच्या मशीनवर आमचा ठसा! तिळगूळ गोटीरामलाच परत दिला.

२१ जाने., मंगळ.
घरी आणलं. भा. आला, सफरचंदं घेऊन. मी सफरचंद खात नाही हे याला बारा वर्षांत कळलं नाही.
"कोणाला विचारून गेलात?"
"कोणाला विचारू? तुम्ही टेबलावर होता. प्रकाशभाऊ जमिनीवर होते."
हसू आलं, दाबलं. म्हटलं, एक दिवस थांबायचं होतं. म्हणाला, "तोडलेली द्राक्षं थांबत नाहीत वहिनी. अण्णा परत आले असते का?" अण्णांचा फोन आला होता खरा. "बॉक्स टायमात आले बरं का वहिनी, माल गेला माझा. मानूस चांगला ठेवलाय." त्यांना कसं सांगू की बॉक्स आमचे नव्हतेच.

भा.ला म्हटलं, पुन्हा असं केलंत तर याद राखा. तो म्हणाला, "पुन्हा अशी वेळ आली तर पुन्हा असंच करीन." आणि सफरचंदं तिथेच ठेवून गेला. उद्धट. सुनेने कापून दिली, खाल्ली.

१८ फेब्रु., मंगळ.
सफारीवाल्याने भा.ला बोलावलंय. अख्खा प्लँट हातात देतो म्हणाला. चोर. एक दिवस माणूस दारात उभा काय राहिला, लगेच डोळा.

मला हे बाहेरून नाही कळलं, भा.नेच येऊन सांगितलं. म्हटलं, किती देतोय? वाढवते मी. म्हणाला, "पगाराचं नाही. तिथे मला प्रत्येक गोष्ट विचारावी लागणार नाही. इथे मी बारा वर्षं निरोप्या आहे." म्हटलं, मग जा की, मांडव घालून बोळवण करू का? म्हणाला, "सीझन अर्धा सोडून जाणारा नाही मी. चौदा एप्रिलची जयंती झाली की सांगतो."

निरोप्या म्हणे. ह्यांनी त्याला मशीनवर शिकवलं, स्वतः शेजारी उभं राहून.

रात्रभर तेच डोक्यात. तो गेला तर प्लँट प्र.च्या हातात. म्हणजे पुढच्या दिवाळीला भंगारात. घाबरले. लिहून ठेवते, सांगणार कोणाला.

१२ एप्रि., शनि.
आज पहिल्यांदा प्लँटवर, काठी टेकत. मुद्दाम न सांगता गेले. वाटलं होतं मशीन बंद, माणसं तंबाखू मळत, प्र. घोरत. प्र. घोरत होता. बाकी सगळं चालू. कोणाचं माझ्याकडे लक्षसुद्धा गेलं नाही.

सीझनची शेवटची ऑर्डर. पहिला बॉक्स जमिनीवर होता आणि त्यावर विटा रचलेल्या. मागच्या भिंतीच्या उरलेल्या विटा. दोन महिने असंच चाललंय म्हणे. शिवाय एक बॉक्स कोल्ड स्टोरेजला ठेवून बघतात, गारठ्यात मऊ पडतो का ते.
"हे कोणी ठरवलं?"
"मी," भा. म्हणाला.
"मी मेले होते का?"
"विटेला गुडघा नसतो, वहिनी."
सगळे खाली बघायला लागले. म्हटलं, काढा त्या विटा, तुम्ही चढा. म्हणाला, "माझं वजन कोंबडीचं. तुम्हीच म्हणालात." तीन महिने मनात धरून बसलाय! बायका परवडल्या.

ह्यांच्या जागी मी उभी राहिले. माझ्या जागी विटा. ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं आणि रडले, चांगली पोटभर. प्र.ला जाग आली नाही. सीझनमध्ये एकही बॉक्स परत आला नाही, हे बाहेर पडताना गोटीरामने सांगितलं. न विचारता.

१४ एप्रि., सोम.
भा.ची सुट्टी. जयंतीची सुट्टी मागायची नसते, सांगायची असते, असं पहिल्याच वर्षी ह्यांना म्हणाला होता. ह्यांनी तेव्हाच ओळखायला हवं होतं.
दिवसभर फोनकडे बघत होते. कशाला बघत होते देव जाणे.

१५ एप्रि., मंगळ.
भा. आला. इस्त्री, सेंट, सगळं जागच्या जागी. मी विचारायच्या आत म्हणाला, "अजून ठरलं नाही. आठवडाभर द्या." दिला. देऊ नको तर काय करू?

मग टेबलावरचं पेन उगाच उघडलं, मिटलं, आणि म्हटलं, पुढच्या सीझनचे रील मिलला आत्ताच सांगून ठेवा.
त्याने बघितलं माझ्याकडे. "वहिनी, मी असेन की नाही माहीत नाही."
"मी ते विचारलं का?"
"पाऊस पडला तर? बागा गेल्या तर?"
"तर अंथरून झोपू."
"किती सांगू?"
आकडा माझ्या तोंडात तयार होता. बावीस वर्षं, हे होते तेव्हापासून, आकडा मीच सांगते. म्हटलं, "तुम्ही ठरवा."
त्याने फोन लावला. मी काठी उचलली आणि बाहेर आले, नाहीतर मध्ये बोलले असते. बसायला काही नव्हतं, त्या विटांवरच बसले. काचेतून तो दिसत होता, बराच वेळ बोलत होता, एकदा हसलासुद्धा. आकडा काही ऐकू आला नाही.