खांबाला लागलेला खडू

ती. बाबा, नमस्कार.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुम्ही चालवता तसलीच बस आम्ही चाचणीसाठी चौथऱ्यावरून उलटवली आणि ती पास झाली. ते चुकीचं होतं.

बसच्या आत माणूस वाचेल एवढ्या जागेची चौकट बसवतात आणि तिच्या कडांना खडू फासतात. बस आदळल्यावर खिडक्यांमधला एखादा खांब वाकून चौकटीला टेकला, तर त्याला खडू लागतो आणि बस नापास होते. मला सगळे खांब स्वच्छ दिसले. मी सही केली. काल कळलं, मी आत जायच्या आधीच कुणीतरी फोटोसाठी बस आतून पुसली होती. ड्रायव्हरच्या मागच्या खांबाच्या सांध्यात खडू अजून आहे.

साहेब म्हणाले, "धूळ असेल गं. पास झालेल्या बसला परत कशाला लोळवतेस?"

उत्तर बरोबर आलं तरी ताळा करायचा, हे तुम्हीच शिकवलंत ना?

माझी तब्येत बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

दुसरी बस मागून घ्या म्हणणार होते, पण तुमच्या डेपोत आता सगळ्या त्याच आहेत. पट्टा बांधत जा, वळणावर हळू घ्या. मला याहून जास्त काही सुचत नाही.

तुमची,
धाकटी

ता. क. सही मागे घेते, असं लेखी देणार आहे. नोकरी बहुधा जाईल आणि बस धावतच राहतील. तरीही देणार, येत्या सोमवारी, नऊ तारखेला.