कुट्टी मशीनवरची सूचना

खर्डा,
१२ मार्च १९७३

प्रिय पुंजाराम,
सहादेवचा नमस्कार. वहिनी आणि मुलं खुशाल असतील. इकडे विहिरींनी तळ गाठलाय, निम्मी गुरं छावणीत आहेत, शाळा अर्धी रिकामी. तुमच्या कारखान्याचं कडबाकुट्टीचं मशीन छावणीला पोचलं. काम झकास करतं. बोटंसुद्धा झकास कापतं.

माझ्या बहिणीची, झुंबरची, उजव्या हाताची तीन बोटं गेली.

तू मॅनेजर ना रे तिथला? मग मशीनवर ती सूचना ठोकताना डोळे कुठे होते तुझे? 'यंत्र कार्यान्वित असताना अंतर्गत अवरोधाचे निवारण वर्ज्य.' तुझ्या फिटरला तरी अर्थ विचारलास का? गुरांना वैरण घालणाऱ्या बाईनं हे वाचून करायचं काय, आरती म्हणायची?

दवाखान्यात ती मला म्हणाली, "दादा, म्या तर समदं वाचलं हुतं. हात घालू नगा, आसं त्यात कुठं हुतं?"

वाचलं होतं, हे खरं. मीच वाचायला लावलं. माझ्या प्रौढवर्गात दोन वर्षं ती अक्षरं गिरवतेय. मशीन आलं त्या दिवशी चारचौघांत मिरवायला मी तिला त्या ओळीसमोर उभं केलं. एकेक जोडाक्षर फोडत तिनं ती पुरी केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. कळलं का, एवढं मात्र विचारलं नाही. घटकाभरात कडबा अडकला आणि तिनं तो काढायला हात घातला.

आता उरलेलं लिहितो, तुला ठाऊकच आहे. तू मला तपासायला पाठवलेला मजकूर साधा होता: 'मशीन बंद केल्याशिवाय आत हात घालू नका.' तो गावंढळ वाटला म्हणून मी खोडला आणि ही शुद्ध ओळ लिहून दिली. तू नको म्हणत होतास. मग ऐकलंस कशाला माझं? चार शिव्या द्यायच्या होत्यास!

पुढची बारा मशीनं सोमवारी निघणार, असं तुमचा ड्रायव्हर सांगत होता. एकही तशी सोडू नकोस. तुझंच वाक्य ठळक अक्षरांत घाल. शेजारी हाताचं चित्र काढून त्यावर तांबडी फुली मार, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही कळेल. यात हयगय केलीस तर कारखान्याच्या दारात येऊन बसेन.

झुंबर म्हणते, डाव्या हातानं लिहायला शिकव. ती ओळ माझी होती, हे तिला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र पेटीत टाकून तिच्याकडेच निघालोय.

तुझा,
सहादेव
(नावापुढे 'गुरुजी' लिहवत नाही.)