पिवळी ज्योत

४ मार्च
आज बोललो! मैदान भरलं होतं. शहराचा मैला नदीत सोडणं हे पाप आहे, हे घसा फुटेपर्यंत सांगत आलोय. आज पहिल्यांदा कोणी मधेच उठून गेलं नाही. आपला नवा गॅस प्रकल्पच बघा: बंद टाकी, आत हवा नाही, जंतू गाळ खातात, जळणारा गॅस सोडतात, उरतं ते खत. एवढं सोपं! शेवटी भरात बोलून गेलो — रविवारी या, टाकीच्या गॅसची ज्योत दाखवतो! आणि तोवर घरोघरच्या संडासाच्या टाक्या उपसून गाळ प्रकल्पावरच पाठवा. टाळ्या थांबेनात.
लेक त्याच प्रकल्पावर इंजिनिअर. मागे उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

५ मार्च
जेवताना लेक फुगलेली. फाटकाशी टँकरची रांग लागली, नगराध्यक्षांनी सगळे रिकामे करायला लावले. टाकी नवी आहे, जंतू रुळायचेत, हळूहळू द्यायचं असतं म्हणे. "बाबा, तान्ह्या पोराला अख्खं गाव भरवतंय. आंबेल ती."
मी म्हटलं, शंका काढणाऱ्यांनी जगात काही उभं केलेलं नाही.
वाक्य बरं जमलं. पुढच्या भाषणात घालावं.

७ मार्च
टाकी आंबली! गॅस येतो, पण पेटत नाही. आंबटपणा मारायला लेक आत चुना सोडतेय. रविवार पुढे ढकला म्हणाली. कसा ढकलू? शब्द दिलाय!

रविवार, ८ मार्च
पेटली!! प्रकल्पाच्या चिमणीच्या तोंडावर हातभर ज्योत, पिवळीधमक. भर उन्हात शेवटच्या रांगेला दिसली. माझे डोळे भरून आले. लेक मात्र जमिनीकडे बघत होती. दमली असेल पोर.
घरी चहा विजेच्या शेगडीवर. सिलिंडर संपला, असं बायको म्हणाली.

१० मार्च
सकाळी सहज जुनं पुस्तक काढलं. या गॅसची ज्योत फिकट निळी — उन्हात जेमतेम दिसते. त्या ओळीखाली रेघही माझीच! मग ते पिवळं काय होतं?
तसाच उठून प्रकल्पावर गेलो. चिमणीच्या मागे रबरी नळी. टोकाला रेग्युलेटर, स्वयंपाकाच्या सिलिंडरला असतो तसला. एवढ्या लोकांसमोर फसवणूक — आणि त्या खोट्या ज्योतीसमोर हात पसरून बोलणारा मी!

११ मार्च
मीच सभा घेतली. सगळं सांगितलं. म्हणालो, "हे ज्याने केलं त्याला इथे थारा नाही. मग तो कोणी का असेना!"
लेक पुढे आली. "मी केलं."
नगराध्यक्षांनी तिथल्या तिथे तिला कामावरून काढलं. माझ्याच वाक्याने. माईक अजून माझ्याच हातात होता.

१२ मार्च
बायकोने चहा समोर ठेवला आणि म्हणाली, "सिलिंडर आपला होता. मी नेला, नळी मी जोडली. पोरगी आडवी आली, मी ऐकलं नाही. तुमचा शब्द खाली पडायला नको होता."
लेक बॅग भरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "टाकीत आता काही दिवस कोणी काही घालू नये, बाबा. तेवढं सांगा मैदानावर."